लेमस्टरची दोन मतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कुटुंबसभेच्या प्रमुख, आदरणीय मधुमतीताई. सत्कारमूर्ती आणि नगरसभेचे मावळते अध्यक्ष श्री. विष्णूराव खांबेटे, मंडळाच्या नव्या चिटणीस स्वातीताई, व्यासपीठावरील मान्यवर, पाच गावांहून आलेले सभासद, आणि मागे चहाच्या टेबलापाशी उभे असलेले, म्हणजे खरं तर बहुसंख्य, बंधुभगिनींनो,

मी कमलाकर आगटे, नगरसभेतला लेमस्टरचा सभासद. इंग्लंडात हे लेमस्टर कुठे आहे असं विचारू नका. सदतीस वर्षं तिथे केमिस्ट होतो आणि तिथे पोचायचं कसं हे अजून मला समजावून सांगावं लागतं.

विष्णूराव पुढच्या महिन्यात कायमचे नागपूरला चाललेत. त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचा मान मला मिळाला, याबद्दल आभार. माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा पाहून स्वातीताईंचा चेहरा पडलाय, तो मला दिसतोय. त्याबद्दलही सांगतो.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून जरा मागे जातो. दोन हजार एक साली याच हॉलमध्ये आपलं मराठी मंडळ मोडायला निघालं होतं. हॅरोची अडीचशे कुटुंबं म्हणत होती, मतं कुटुंबागणिक. रेडिंगवाले म्हणत होते, मग आम्ही फक्त बटाटेवडे खायला यायचं का? तेव्हा विष्णूराव उठले. त्यांनी सहा वर्षं अमेरिकेत नोकरी केलेली. म्हणाले, “हेच भांडण अमेरिकनांनी दोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात केलंय. भर उन्हाळ्यात, खिडक्या लावून.” आणि त्यांनी आपल्यालाही खिडक्या लावायला लावल्या! जून महिना, सत्तर माणसं आणि हॉलला पंखा नाही. उपाय एकमताने मंजूर झाला तो अर्ध्याअधिक त्या उकाड्यामुळे, असं माझं मत आहे.

उपाय सोपा होता. अमेरिकेच्या काँग्रेसची दोन सभागृहं. एकात लोकसंख्येप्रमाणे सभासद, एकूण चारशे पस्तीस, सगळ्यांची दर दोन वर्षांनी निवडणूक. दर दहा वर्षांनी शिरगणती करून कुठल्या राज्याला किती जागा ते ठरवायचं. दुसरं सिनेट. तिथे राज्य लहान असो की मोठं, जागा दोनच. कॅलिफोर्नियाला दोन, मूठभर वस्तीच्या वायोमिंगलाही दोन. कायदा व्हायचा तर दोन्हीकडे मंजूर व्हायला हवा. आपण तसंच केलं. कुटुंबसभा कुटुंबं मोजून आणि नगरसभेत प्रत्येक गावाचे दोन. सिनेटरची मुदत सहा वर्षं असते. आपली वयं बघून विष्णूरावांनी ती तीन केली.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. लेमस्टरमध्ये मराठी घर एकच होतं. आमचं! म्हणजे हॅरोच्या अडीचशे कुटुंबांना दोन जागा आणि आमच्या एका स्वयंपाकघराला दोन जागा. मी आणि माझी पत्नी यमुना. हॅरोकरांनी केवढा गहजब केला होता, मधुमतीताई, आठवतंय ना? त्यांना मी आज खरं सांगतो. तुम्ही उगाच घाबरलात. यमुनेने नगरसभेत एकदाही माझ्या बाजूने मत दिलं नाही. मी ‘हो’ म्हटलं की ती ‘नाही’. लेमस्टरची दोन मतं कायम एकमेकांना खाऊन टाकायची. परतीच्या गाडीत आम्ही हेरफर्डपर्यंत भांडत यायचो. काय मजेचे दिवस होते.

आमची निवडणूकही व्हायची बरं का. विष्णूरावांचा नियम म्हणजे नियम. गुप्त मतदान झालंच पाहिजे, आणि मोजायला अध्यक्ष जातीने हजर. दोन हजार चार साली माझी मुदत संपली तेव्हा हा गृहस्थ बर्मिंगहॅमहून दोन गाड्या बदलून आमच्याकडे आला, बिस्किटांच्या डब्यातून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि गंभीरपणे वाचून दाखवल्या. “कमलाकर आगटे, एक मत. एक चिठ्ठी कोरी.” मी यमुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, “एकमताने निवडून आलात तर डोक्यात हवा जाईल तुमच्या.” मग तिने पिठलं-भात वाढला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गेली.

सिनेटरची जागा मधेच रिकामी झाली, तर बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमतो. पंधरवड्याने विष्णूरावांचा फोन आला. चाचरत म्हणाले, “कमलाकरराव, नियमाने विचारावं लागतंय. तुमच्या गावातून कुणाचं नाव...?” मी म्हटलं, विष्णूराव, गावात आता मी एकटाच आहे. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.

तेव्हापासून हजेरी घेताना ते लेमस्टरचं नाव दोनदा घेतात. एकदा माझ्यासाठी. दुसऱ्यांदा घेतात, क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, वय झालं, चुकतात. ते चुकत नाहीत.

आणि गंमत बघा. यमुना गेल्यावर माझ्या मताला पहिल्यांदाच किंमत आली. ते खोडायला कोणी उरलं नाही. माझ्या एका मतावर दोन ठराव पडले, लोक माझ्याकडे आदराने पाहायला लागले, आणि मला घरी जाऊन रडावंसं वाटलं. परवा स्वातीताईंचा फोन आला तेव्हा बोलण्याआधी मला घसा साफ करावा लागला. एकवीस दिवसांत मी मराठीत एक शब्द बोललो नव्हतो. हे तक्रार म्हणून सांगत नाही. सांगायला दुसरी जागा नाही, म्हणून सांगतोय.

आता एक गुपित. विष्णूरावांची ख्याती काय? अध्यक्षाने मत द्यायचं ते फक्त समसमान झालं तर, अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षासारखं. सात वर्षांत तशी वेळ आली नाही, म्हणून त्यांनी कधी मतच दिलं नाही असं सगळे सांगतात. खोटं आहे! गेल्या वर्षी माझी मुदत पुन्हा संपली. हे आले, दोन गाड्या बदलून, एक मत मोजायला. डबा उघडला. चिठ्ठी कोरी होती. मीच टाकली होती. वाटलं, पुरे झालं आता. विष्णूरावांनी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कोरं मत बाद. बाजूने शून्य, विरोधात शून्य. समसमान. म्हणजे अध्यक्षांना मत द्यावं लागणार.” आणि खिशातून पेन काढून माझं नाव लिहिलं.

हे साफ बेकायदा होतं. तो अधिकार सभागृहातला, माझ्या स्वयंपाकघरातला नव्हे. विष्णूराव, मान खाली घालू नका. उभ्या आयुष्यात तुम्ही मोडलेला हा एकच नियम असेल, आणि तो माझ्यासाठी मोडलात. मग पिठलं मी केलं. गुठळ्या झाल्या होत्या. तुम्ही दोनदा मागून घेतलंत.

तर आता हा गठ्ठा. माझं भाषण संपलं की ठराव क्रमांक सहावर मतदान आहे. नगरसभा बंद करून एकच सभा ठेवायची, आणि लेमस्टर बर्मिंगहॅमला जोडायचं. माझं मत धरूनही तो पाच विरुद्ध चार असा मंजूर होणार, हे मी जेवताना मोजलंय. पण अमेरिकन सिनेटमध्ये एक सोय आहे. सभासद बोलायला उभा राहिला की तो थकून बसेपर्यंत, किंवा शंभरातले साठ जण ‘पुरे’ म्हणेपर्यंत, त्याला थांबवता येत नाही. आपल्या घटनेत हा नियम विष्णूरावांनी घेतला. साठ जणांची अट लिहायची मात्र राहून गेली. हॉल पाचपर्यंत आपला आहे. आता चार वाजायला दहा मिनिटं आहेत. मी पाचपर्यंत बोललो, तर मतदान होत नाही आणि ठराव वर्षभर पुन्हा आणता येत नाही.

त्या तयारीने आलो होतो. पिशवीत पाण्याची बाटली आहे, दोन सँडविच आहेत. बोलायचं संपलं की तिकडचे सभासद म्हणे पाककृतीसुद्धा वाचतात. म्हणून यमुनेची वही आणलीय. ही पाहा. पहिल्याच पानावर पिठलं. “पाणी अंदाजाने. ह्यांना ढवळायला देऊ नये.”

...

माफ करा. ही वही सभेत वाचायची नाही.

स्वातीताई, तुमचा ठराव बरोबर आहे. मागच्या वर्षी दोन्ही सभांचं जमेपर्यंत गणपतीचा हॉल हातचा गेला. एका माणसासाठी पाच गावांनी का खोळंबावं? आणि आज मी पाचपर्यंत बोललो, तर विष्णूरावांच्या निरोपाचं नुसतं एक अडवणुकीचं साधन होईल. ते त्यांना शोभणार नाही. मलाही नाही. शिवाय माझे गुडघे दुखायला लागलेत, आणि नियमाप्रमाणे सभासदाला टेकता येत नाही.

विष्णूराव, नागपूरला सुखाने जा. वर्षातून चार वेळा तुम्ही माझ्या गावाचं नाव मोठ्याने घेतलंत. तेवढ्यावर माझी तीन वर्षं निघाली. आज शेवटची हजेरी घ्याल तेव्हाही दोनदा घ्या.

आणि माझं मत आत्ताच लिहून घ्या. मी ठरावाच्या विरोधात आहे. अर्थात, म्हणजे यमुना बाजूने. लेमस्टरची दोन मतं नेहमीप्रमाणे एकमेकांत गेली असं धरा, आणि मोजणीला सुरुवात करा.

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात घरातलं काही जास्त बाहेर आलं असेल, कुणाला लागलं असेल, तर एकट्या माणसाची चारचौघांत बोलायची सवय मोडलीय असं समजून पोटात घाला.

मी बसतो.