आबा शिंगट्यांची पायरी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. पंगत बसली. वाढपी निघाला — वरण, भात, भाजी घ्या भाजी! — असा पळत सुटला की समोरच्याच्या पानात पडलं का मांडीवर, बघायला सवड नाही! शेवटच्या पानाशी पोचला, घाम पुसला आणि म्हणाला, "झाली पंगत!" अहो, झाली का? वाढलं म्हणजे जेवलं का?

बोला की! मागे एक जण मान डोलावतोय... नाही नाही, ते उत्तर नव्हे, ती झोप आहे! त्यांना राहू द्या.

वाढलं म्हणजे जेवलं नव्हे, हे तुम्हाला पटलं. मग मला सांगा — शिकवलं म्हणजे आलं का? त्याचीच ही गोष्ट.

वडजाई नावाचं गाव. पाचवीपर्यंतची शाळा, आणि शाळेत बागलबाई. आवाज बारीक, पण हट्ट मोठा! मे महिन्याची सुट्टी. सगळं जग आंबे खातंय, आणि या बाई शाळेच्या ओसरीवर पुढच्या वर्षाचा अभ्यास आखत बसलेल्या. आणि आखतात कशा? उलट्या! आपण काय करतो? पहिला धडा जूनमध्ये, दुसरा जुलैत, मार्चला पुस्तक संपलं, जय हरी! बाई म्हणाल्या, पुस्तक संपलं, पण पोराचं काय झालं? म्हणून त्या शेवटाकडून निघाल्या. दुसरीतून बाहेर पडताना पोराला काय यायलाच हवं? कधी न पाहिलेला उतारा वाचून त्यात काय आहे ते सांगता यायला हवं. चौथीतून निघताना? भागाकार. भागाकार यायचा तर आधी काय? गुणाकार. गुणाकाराच्या आधी? सारखे ढीग करता येणं. असं एकेक करत खाली उतरल्या, आणि शाळेच्या भिंतीवर चुन्यानं पायऱ्या काढल्या. एकीकडे वाचनाच्या, एकीकडे गणिताच्या.

जूनमध्ये एकेका पोराला जवळ घेऊन बघितलं. आणि मंडळी, बाईंच्या तोंडचं पाणी पळालं! सतराचा पाढा घडाघडा म्हणणारं पोर — त्याच्यापुढे चिंचोके ठेवले, म्हणाल्या, "चौघांत सारखे वाट." तर ते म्हणतंय, "बाई, चारचा पाढा म्हणू का?" हसू नका! तुमच्या-माझ्या घरचंच पोर ते.

मग बाईंनी पालकांची सभा बोलावली. म्हणाल्या, "रोज पहिला तास इयत्तेप्रमाणे नाही, पायरीप्रमाणे बसायचं. जो जिथं अडलाय, तिथं. पाचवीचा असला तरी दुसरीच्या पायरीवर." सभेचे अध्यक्ष कोण? आबा शिंगटे! गावात शब्दाला मान. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचावी ती आबांनीच — असं झरझर वाचायचे, की बायका म्हणायच्या, सरस्वती आहे जिभेवर!

आबांची धाकटी लेक पाचवीत. त्यांनी विचारलं, "आमची स्वरांजली कुठं बसणार?"

बाई हळूच म्हणाल्या, "आबा, आपण घरी बोलू."

"घरी कशाला? हितंच सांगा!"

"दुसरीच्या पायरीवर."

अरे बापरे! आबांचा चेहरा लालबुंद! "पाचवीतली पोर बारक्या पोरांत? तिचं लगीन ठरायचंय उद्या, लोक काय म्हणतील? वाच गं, दाखव यांना!"

दहा वर्षांची पोर, तिच्या लग्नाची काळजी आत्तापासून! असो. स्वरांजली उठली, पुस्तक उघडलं, धडा सुरू. कुठं अडखळणं नाही, बरोबर जागी पान उलटलं. टाळ्या! आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आता बोला! अहो, ती काय वाट्टेल ते वाचंल!" सभेला भजी आणली होती, त्यांचा वर्तमानपत्राचा कागद आबांनीच झटकला आणि पोरीपुढे धरला. "वाच बाळ."

पोर कागदाकडे बघते. कागद उलटा करून बघते. आणि म्हणते, "आबा, हे अजून पाठ नाही केलं."

"पाठ कशाला करायचं? वाच की!"

"वाचायचं म्हणजे पाठ करूनच की, आबा. आजी पोथी म्हणती, तुम्ही तिच्या मागनं म्हणून पाठ करता... मग देवळात पोथी धरून बसता. मी तसंच केलं."

मंडळी, पोर खोटं बोलली का? नाही! फसवलं का कुणाला? मुळीच नाही! बापासारखं व्हायचं म्हणून तिनं अख्खं पुस्तक डोक्यात भरलं होतं. बापावर इतकं प्रेम!

हसायला एकदोघांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कुणी हसायचं नाही. इतकं पाठ करणाऱ्या पोरीला अक्षर जड नाही जाणार. चूक आमची आहे. चार वर्षं आम्ही धडे पुढं ढकलले, ती कुठं राहिली ते बघितलंच नाही." पण आबा उठले, पोरीचा हात धरला आणि निघून गेले. झालं! अध्यक्षच गेले. आता आबा पोरीला तालुक्याच्या शाळेत घालणार, आणि तिथंही ती पाठच करत राहणार! बाईंना रात्रभर तीच काळजी. भिंतीवरच्या पायऱ्या राहिल्या काय, पुसल्या काय, त्यांना त्या पोरीचं पडलं होतं.

सकाळी पहिला तास भरला. दारात कोण? आबा! चपला हातात, डोक्यावर फेटा, मागं स्वरांजली. पोरगी आत गेली, बारक्यांत जाऊन बसली. आबा उंबऱ्यावरच. मग खाली बघत म्हणाले,

"बाई... माझी पायरी कुठली?"

अहो, पन्नाशीला टेकलेला माणूस, गावचा पुढारी, आणि उंबऱ्यावर उभं राहून पायरी विचारतो! तुम्ही विचारली असती? मी नसती विचारली, महाराज! आम्ही फेटा सावरला असता आणि गुडघा दुखतोय म्हणून घरी गेलो असतो!

बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही, की शाबासकी दिली नाही. सतरंजी थोडी सरकवली. "अक्षरं ओळखता?"

"सही येती. तेवढीच."

"मग बसा, स्वरांजलीच्या शेजारी."

बसले! बापलेक एका सतरंजीवर! पोर बापाला सांगते, "आबा, काना राहिला." बाप पोरीला म्हणतो, "तुझे चिंचोके चुकले बघ, परत वाट." त्या श्रावणात आबांनी देवळात पोथी धरली नाही. बसायला जमत नाही म्हणाले.

पुढच्या श्रावणात धरली. पण जुनी नव्हे! आईनं पाठ करून घेतलेली बाजूला ठेवली आणि गावात कुणी कधी न ऐकलेली आणली. चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. एक शब्द... थांबले. दुसरा... मागं गेले. पूर्वी अध्याय संपायचा तेवढ्या वेळात दोन ओव्या! लोक चुळबुळायला लागले. एक म्हणाला, "आबा, जुनीच घ्या की! कशी झरझर व्हायची!"

आबांनी बोट ओळीवरून उचललं नाही. म्हणाले, "ती माझ्या आईची व्हती रं. ही मी वाचतोय."

खांबाशी बागलबाई बसल्या होत्या. आबा म्हणाले, "बाई, तुमचे उपकार... तिथं यिऊन पाया पडू का?"

बाई म्हणाल्या, "आधी ओळ पुरी करा."

म्हणा विठ्ठल, विठ्ठल!

काय बाई असतील हो त्या! अशी माणसं आपल्याला भेटली, आपलं बोट धरून अक्षरावर ठेवून गेली, आणि आपण त्यांची नावंसुद्धा विसरलो. आज झोपण्याआधी आठवा एकेकाला, मनोमन हात जोडा.

आणि उद्या? उद्या शाळेत जाऊन पोराचा नंबर विचारू नका. पुस्तक कुठवर आलं तेही विचारू नका. विचारा, "माझं पोर कुठल्या पायरीवर आहे?" आणि जी सांगतील, तिथं चपला काढून त्याच्या शेजारी बसा.