सासऱ्यांच्या डाव्या हाताची खुर्ची

—नाही, नाही, आतली ती खुर्ची नका काढू. माझीच ती. हो, मी काही वाजवत नाही, ठाऊक आहे मला — लग्नाला सहा महिने झाले, टॅल्टींच्या घरात वाद्य न येणारी मी एकटीच, त्यांचं कुत्रंसुद्धा तालात भुंकतं — पण मी बसते तिथं, सासऱ्यांच्या डाव्या हाताला. कशाला? नोटेशनची पानं उलटायला. … बरोबर, आमच्यात कागद नसतातच. रेडिओवाल्याला कुठं फसवायला गेले मी. बसा, चहा घ्या, आत त्यांचं सूर जुळवणं चाललंय तोवर.

असं आहे — नाचाच्या तीन गती, म्हणजे तीन धुना, सलग, प्रत्येक तीनदा. बदलायची कुणी? सीनन टॅल्टींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच. ते फिडल वाजवता वाजवता "हप्" म्हणतात, की सगळे पुढच्या गतीवर. चाळीस वर्षं हेच. त्यांच्याआधी बदलणं म्हणजे — माझी नणंद ब्रीज म्हणते — पाद्र्याच्या आधी 'आमेन' म्हणणं. तर मार्चमध्ये एनिसटायमन गावच्या नाचाला पहिलीच गत सात वेळा झाली. सात. नाचणाऱ्यांचे पाय गळाले, ब्रीज माझ्याकडे बघतेय, माझा नवरा डोनाख बासरीवरून डोळे वर करत नाही, आणि "हप्" काही येईना. लोक हसले, सीननला आज चढलीय म्हणाले. चढली कुठली, चहाच प्यायले होते.

तेव्हापासून मी मोजते. तिसरी फेरी संपत आली की त्यांच्या बुटाला माझा बूट लावते. बस, एवढंच. त्यांना कळतं का? बोललो नाही कधी आम्ही. एकदा फक्त म्हणाले, "सूनबाई, तुझे बूट जड आहेत गं."

तुम्ही हे कुणाला — नाही ना? उन्हाळ्याची सगळी आमंत्रणं आजच्या या रेडिओच्या कार्यक्रमावर अवलंबून आहेत. ते एक वेळ जाऊ दे, पण गावाला कळलं तर हा माणूस पुन्हा फिडल हातात धरायचा नाही. त्याचीच भीती वाटते मला. म्हणजे — त्याचीच असं नाही. आज सकाळी डोनाख एक गत वाजवत होता, आमच्या लग्नासाठी सासऱ्यांनीच बांधलेली. ते दारात उभे राहिले, सगळी ऐकली, आणि वाजवणारे एकमेकांना विचारतात तसं, अगदी आदरानं, "छान आहे रे. कुणाकडून घेतलीस?" डोनाख म्हणाला, "आहे एक म्हातारा." मग अंगणात जाऊन कितीतरी वेळ सायकल पुसत बसला. स्वच्छच होती ती.

हां, सुरू झाले वाटतं. तर खुर्चीचं काय — मी श्वाससुद्धा मोठ्यानं घेणार नाही, तुमच्या माइकला कळणारही नाही मी आहे म्हणून — ही दुसरी फेरी ना? की तिसरी? तुमच्याशी बोलता बोलता माझं मोजणंच — चौथी. चौथी आहे ही. सरका जरा, मला आत —

ब्रीज थांबली. डोनाखही.

फिडल एकटीच चाललीय.

तुम्ही इथंच बसा. आणि ते रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करा आधी.