मेल कुठल्या गटात उतरला?

…आन् वर मलाच विचारत्यात, "क्लार्क, तोंड का पडलंय?" अवं, पडंल न्हाई तर काय व्हईल! तुम्हाला सांगतो, ऐका. आमचा वडगावचा भेंडी गट, माल परदेशात जातो, आन् तोडा कवा करायचा ते कंपनी मेलवरच कळवती. तोडा हुकला की भेंडी निबर, म्हशीम्होरं टाकायची! आन् गावाला जाब देणार कोण? मी! मेल गेला तर मी गेलो!

तर कॉम्प्युटरची जुनी विंडोज थकली, म्हणून शिरूरच्या दुकानातला इंद्रजीत तिच्या जागी लिनक्स टाकायला आला. म्हणला, "मेलचा जुना प्रोग्राम ह्याच्यावर चालत न्हाई. दोन नवीन हायेत, एक निवडा." झालं! आमच्यात निवडा म्हणलं की गट पडतोच की हो! अध्यक्ष हौसराव आप्पा म्हणलं, "निळ्या चिन्हाचा." उपाध्यक्ष पार्वतीबाई ताडकन उठल्या, "आप्पा निळा म्हणलं ना? मग लाल!" उघडून कुणी बघितला? कुणी न्हाई! मी आपलं हळूच, "अवं, भरवशाचा कुठला ते तर…" "क्लार्क, गप बसा!" दोघं एका सुरात. तेवढ्यापुरती एकी.

मग तोडगा निघाला, बिनविरोध. दोन्ही टाका! दोघांना येगळा पासवर्ड! इंद्रजीत हात जोडतोय, "आप्पा, मेल ज्यानं आधी उतरवला त्याच्यातच ऱ्हातो, दुसऱ्याला दिसत न्हाई!" "असू दे, समसमान वाटणी व्हईल." नारळ फुटला, पेढं वाटलं. मेल गेला तर मी गेलो!

आज सकाळी आप्पांनी निळा उघडला, मेल उतरवला, वाचला न्हाईच, पासवर्डाचं कुलूप लावलं. "निळा बंद करायचा न्हाई" म्हणून मला दम दिला आन् केडगावला लग्नाला गेलं. फोन बंद! इकडं पार्वतीबाई लाल उघडून वरडत्यात, "मेल गिळला व्हय आप्पानं?"

घाबरत घाबरत कंपनीत फोन लावला. उचलला तिथल्या रश्मी मॅडमनी. "मॅडम, पाया पडतो, तोडा कवा?"

"मेल केलाय ना."

"अवं, त्यो आप्पात गेला!"

"कुठं गेला? हे बघा, फोनवर सांगता येत नाही. पुन्हा हवा असेल तर मेल टाका, लगेच उत्तर देते."

टाकला की. लालमधनं टाकला. उत्तरबी आलं असंल… निळ्यात. त्यो आप्पांनी चालूच ठेवलाय ना, आलेला मेल आपसूक ओढून घेतो!

जाऊ द्या. तुमच्यात म्हशी कुणाकुणाकडं हायेत?