सातव्या तबकडीवर काय आहे?

...अहो, आचाऱ्याला निदान मीठ तरी चाखू देतात! इथे मी शंभर पाकिटांचा पुठ्ठा कापला, घड्या पाडल्या, गोंद लावला, वजनाखाली दाबून ठेवली, आणि हे एकदा नाही, सात महिने, दर महिन्याला शंभर, म्हणजे सातशे पाकिटं या दोन हातांखालून गेली, आणि मला विचाराल की बाबा रे, गाणं कसं आहे? मला काय माहीत! बायंडर मी. आत रेकॉर्डची तबकडी सरकवायची, कड चिकटवायची आणि गप्प बसायचं.

आता तबकडी कुठून आली म्हणाल, तर माझ्या भाचीचा बँड आहे. चार जणांचा. त्यांनी ठरवलं, बारा महिने, बारा गाणी. प्रत्येक गाण्याच्या तबकड्या फक्त शंभर, वर हाताने क्रमांक, तोंडाला लाखेची मोहर. आणि तबकड्या निघाल्या की मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं! ते गाणं पुन्हा कुठे गायचंही नाही! का? तर त्यांचा ड्रमवाला आहे, त्याला सगळे ढोल्या म्हणतात, तो डोळे अर्धे मिटून बोलतो, "मामा... क्षण परत येतो का?"

मी म्हटलं, "क्षण नाही येत रे, पण ऐकणारा येतो ना दारात!"

"मामा... पहिल्या श्रोत्याच्या आधी कुणी ऐकायचं नाही. आम्हीसुद्धा नाही. तत्त्व आहे."

ऐकलंत? स्वतः वाजवलेलं स्वतः ऐकत नाहीत! बरं, घेणाऱ्यांनी तरी ऐकावं? कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे सातही तबकड्या आहेत, खोकल्याच्या बाटल्यांच्या वर, काचेच्या कपाटात, एकसारख्या उभ्या. मी म्हटलं, गाणं कसं आहे हो? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याची किडनी मागितली. "मोहर फोडू? वेडबिड लागलंय का? एकाने तरी फोडली असेल तर दाखवा!"

म्हणजे तुम्हाला सांगतो, सातशे तबकड्या, आणि ऐकणारा एक नाही. हे म्हणजे लग्न लागलं आणि नवरा-नवरी अजून गाडीतच!

हेही मी सोडून दिलं असतं, पण माझी ताई. दाजी गेल्यापासून एकटी असते, पोरगी त्या बँडवाल्यांबरोबर दुसऱ्या गावी भाड्याच्या खोलीत, आणि पोरीचा स्वभाव असा की शंभर लोकांपुढे गाईल पण आईपुढे तोंड उघडणार नाही. सातवी तबकडी निघाली तेव्हा तिने सदतिसावी प्रत आईला पाठवली. सोबत चिठ्ठी, "आई, ही तुझ्यासाठी आहे. फोडू नकोस." आता आईने करायचं काय? ताईने ती कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली. रोज काढते, कानाशी धरते, परत ठेवते. कानाशी! परवा मला म्हणाली, "तू केलंस ना रे पाकीट? मग तुला तरी माहीत असेल. गाणं कसं आहे?"

तुटलं की हो काळीज. आणि खरं सांगू, काळजाच्या मागे उत्सुकता दबा धरून बसलेलीच होती.

आता एक गुपित सांगतो, बाहेर जाऊ देऊ नका. मोहर असते वरच्या तोंडाला. पण खालची कड? खालची कड माझी! आणि सदतिसावं आईचं, हे भाचीने मला आधीच सांगितलेलं, त्या पाकिटाच्या खालच्या कडेला मी पक्का गोंद लावलाच नव्हता. नुसती पिठाची खळ, तीही पातळ. चुकून हो... चुकूनच म्हणा.

दुपारी गेलो ताईकडे. ओलं फडकं ठेवलं कडेवर, पाच मिनिटं थांबलो, घड्या पाडायची हाडाची पट्टी घातली, आणि पाकीट खालून असं उघडलं की लाखेला पत्ताच नाही. ताई म्हणते, "गधड्या, पोरीला कळलं तर?" आणि बोलता बोलता दाजींच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवरची धूळ पदराने पुसतेय!

सुई टेकवली. खरखर... खरखर... आणि मग पोरीचा आवाज!

"हां आई, बोल."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय.

"हो गं, जेवले... नाही, थंडी नाही... घातलाय स्वेटर... अगं, आम्ही आता गाणं सुरू करतोय... हो, मामाला सांगते..."

झालं होतं असं की ढोल्याने यंत्र आधीच चालू केलं, तेवढ्यात ताईचा फोन, तबकडीवर मावतात चार मिनिटं, आणि ताईच्या फोनला चार मिनिटं म्हणजे नुसती प्रस्तावना! आधी ऐकायचं नाही हे तत्त्व, मग तबकड्या काढणाऱ्या कारखान्याने टाकली ना पहिली चार मिनिटं तबकडीवर! शेवटी ढोल्या ओरडतो, "एक, दोन, तीन, चार..." आणि सुई उचलली जाते. खलास. मूळ मुद्रण कधीच पुसलेलं.

मी डोक्याला हात लावला. पण ताई? ताईने सुई परत टेकवली. आणि या खेपेला मधल्या जागा ती स्वतः भरायला लागली.

"जेवलीस का?"

"हो गं, जेवले..."

"थंडी आहे का तिकडे?"

"नाही, थंडी नाही..."

"स्वेटर?"

"घातलाय स्वेटर..."

एक शब्द मागेपुढे नाही हो! चूल, दूध, मी, सगळं विसरली. दूध उतू गेलं. मी पुसलं.

संध्याकाळी भाचीचा फोन. "मामा, आईच्या पाकिटाला हात नाही ना लावलास?"

"छे गं! पण सांग तरी, सातवं गाणं कसं होतं?"

"मामा, सगळ्यांत चांगलं तेच. आईवर लिहिलं होतं."

"मग म्हण की दोन ओळी!"

"नाही मामा. तत्त्व आहे."

औषधवाल्याच्या कपाटात काचेमागे तो स्वेटर तसाच मोहरबंद आहे, बाकी अठ्ठ्याण्णव घरांतही आहे, आणि आठव्या महिन्याचा पुठ्ठा माझ्यापुढे येऊन पडलाय. सकाळी ताईकडे गेलो, तर तबकडी चालूच. म्हटलं, ताई, खरं सांग, कसं आहे गाणं?

"गाणं झकास आहे रे," ताई म्हणाली. "फक्त शेवटी तो मेला 'एक, दोन, तीन, चार' करून ओरडतो ना, तेवढं उगाच घातलंय."