कुरवाच्या पायातला वाळा

— हलू नका हो दादा, पाय द्या इकडं. लाजायचं काय त्यात, काशीदला आला आणि तळव्याला डांबर न लागता गेला असा माणूस मी बघितला न्हाय. न्हाय न्हाय, रॉकेल न्हाय, खोबरेल हाय. वास घ्या पाहिजे तर. आधी रॉकेलच लावायची मी, झटक्यात निघतं — पण सोडलं. का सोडलं? सोडलं आपलं. दुसरा पाय द्या.

डांबर कुठलं म्हणता? तिकडं लांब दर्यात तेलाच्या विहिरी हायत, जहाजं हायत. विहिरींच्या कंपनीचा साहेब म्हणाला, हे जहाजांचं. जहाजवाले म्हणत असतील, विहिरींचं. डांबराच्या गोळीवर काय नाव छापलेलं असतं? छत्रीवर मात्र हाय बघा, वर बघा, केवढ्या अक्षरात कंपनीचं नाव — 'पक्षी आमचे सोबती' — आणि खाली पेंग्विन. म्हटलं, साहेब, आमच्याकडं पेंग्विन कुठला? तर म्हणाला, इंदूबाई, भावना बघा. बघितली. ऊन लागत न्हाय, एवढी भावना लय झाली.

पक्षीपण मोजले त्यांनी, व्हय तर. मे महिन्यात. चार माणसं, दुर्बिणी, टोप्या. आता हे कुरव — तुम्ही सीगल म्हणता ते — थंडीत येतात आणि शिमगा झाला की निघतात, हे इथल्या शेंबड्या पोरालापण ठाऊक. मे महिन्यात कुरव मोजायचे म्हणजे जत्रा उठल्यावर दुकानं मोजायची. सांगणार होते मी, पण त्यांनी आधीच लिहून आणलेलं, इथं पक्षी मुळातच कमी. माझी फक्त सही पाहिजे होती, गावची जाणती बाई म्हणून. चौथी शिकलेली हाय, केली सही. काय लिहिलेलं? — तेलानं पक्षी मेल्याचं कोणी पाहिलं न्हाय. मग त्यात खोटं काय हाय? तेलानं न्हायच मेला तो. रॉकेलनं मेला.

— अहो, एकच. शिमग्याच्या आधी. वाळूत पडलेला, पंख डांबरानं चिकटलेले, उडायला जायचा आणि तोंडावर पडायचा. मला वाटलं, पायाला चालतं ते पंखाला चालेल. मांडीवर घेतला, रॉकेलचा बोळा केला, एकेक पीस पुसून काढलं. निघालं की, लख्ख निघालं. चोच मारली न्हाय त्यानं, गप बसला. मी आपली खुशीत — आता उडेल, मग उडेल. अर्ध्या तासात मान टाकली. कातडीतनं भिनतं म्हणे, चोचीनं पोटात जातं. मला कोण सांगणार? माझ्या हातानं गेला तो. अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

सहीच्या आधी साहेबाला हे सगळं सांगितलं मी. तो खूश झाला. म्हणाला, मग इंदूबाई, तेलाचा काय संबंध, तुम्हीच मारलात की. आठ दिवसांत छत्री आली. माझा मुलगा, रत्नपाल, तिकडं विहिरीवरच्या खानावळीत कामाला हाय. तो म्हणतो, आई, तोंड उघडू नको, पक्षी काय आपल्याला जेवायला घालणार हायत? बरोबरच हाय त्याचं. यंदा डिसेंबर सरत आला, कुरव किती बघा. दहा-वीस. माणसं कुरवांना घालायला शेव-गाठ्या घेऊन उभी असतात, खायला कोण न्हाय.

थांबा, बोटांच्या फटीत राहिलंय. — काय दाखवताय मोबाईलवर? कुरवाचा पाय? हिरवी कडी... तुम्ही घातलेली, कुठनं कुठं जातो ते कळायला? तुम्ही मग फिरायला आलेले न्हाय. कंपनीचेपण न्हाय ना?

घ्या. तीच हाय. कनवटीलाच असते माझ्या. लेकराला वाळा घालतात तशी पायात होती त्या मेलेल्या कुरवाच्या, तेव्हाच समजलं मला, ह्याची कुणीतरी वाट बघत असणार. साहेबाला दाखवली न्हाय मी. माझं नाव तेवढं लिहू नका, रत्नपालची नोकरी...

न्हाय, थांबा. लिहा. रॉकेल इंदूबाईनं लावलं, असं लिहा. डांबर कुणी लावलं, ते त्यांना विचारा. रत्नपालला काय सांगायचं ते मी बघते.

पाय झाले. चपला रस्त्यावर जाऊन घाला. निघा आता, मागं लोक उभे हायत.