फुगलेल्या आत्याचं सलाईन

तुम्ही डेंग्यूचं बोललात म्हणून आठवलं. वरसे गावच्या माझ्या आत्याला डेंग्यू झाला, तेव्हा रोह्यात एका दवाखान्यात तिच्याजवळ मी बसायचो. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण पोट फुगलं, चेहरा सुजला. आणि डॉक्टरांनी सलाईन कमी करायचं सोडून वाढवलं.

आत्या म्हणाली, "अरे, मी पान्यानं फुगलेय, आनि हे अजून पानी भरतात?"

मलाही ते पटलं. नर्सची पाठ वळल्यावर आत्याने नळीवरचं चाक फिरवून सलाईन बंद केलं. मी बघत बसलो.

थोड्या वेळाने तिचे हात गार पडले, बोलणं अडखळायला लागलं. मी धावत डॉक्टरांना आणलं. प्रेशर पार खाली गेलं होतं.

चाक उघडत ते ओरडले, "पाणी शिरांतून झिरपून पोटात साठलंय! शिरा रिकाम्या झाल्या, तर हृदय ढकलणार काय?"

तिचे हात गरम होईपर्यंत मी ते सोडले नाहीत.

दोन दिवसांनी ती अजून सुजलेलीच होती, तरी डॉक्टरांनी सलाईन काढलं. आता मीच घाबरलो. "डॉक्टर, शिरा रिकाम्या पडतील ना?"

"आता शिरांबाहेर साठलेलं पाणी आपोआप शिरांत परत येतंय. वरून आणखी दिलं तर छातीत भरेल."

मी आत्याला विचारलं, "तुला कळलं काय?"

"नाय," आत्या म्हणाली. "पन ते पानी निघालं वाटतं. बाथरूमला ने मला, लवकर!"