बुगडीचं पाणी

गुरुपादप्पा : देवघरातनं बाटली कधी उचललीस गं मंजू? दे इकडं. तिकडं गवंडी समाधीपाशी सिमेंट कालवून बसलाय.

मंजुश्री : अप्पा, ही बाटली तिथं नका ठेवू.

गुरुपादप्पा : पुन्हा तेच! काल नांदेडहून उतरल्यापासून एकच टुमणं. आज तुझ्या अव्वाला जाऊन वरीस भरलं. स्वामी यायलेत पादपूजेला. कट्ट्यात कोनाडा ठेवलाय मी, बरोबर बाटलीच्या मापाचा. तिला मातीत बसवून पुरताना तिच्या अंगावर गुंजभर सोनं ठेवलं न्हवतं आपण. तिचं सोनं तिच्यापाशी जाऊ दे की.

मंजुश्री : दुसरं काहीही ठेवा. तिची विभूतीची डबी ठेवा.

अंजू : अप्पा, डिग्रीला लागत असंल तिला ती, दुसरं काय? अव्वाच्या बुगड्या दोन. एक माझ्या कानात हाय, ती अजून बुगडीच हाय. दुसरी हिनं तेजाबात विरघळवली. आता त्या पाण्यावर बी हिचाच हक्क!

मंजुश्री : अक्का, मी बुगडी मागितली नव्हती. विद्यापीठात सोन्याचा क्षार घ्यायला मंजुरी मिळेना म्हणून मी इथं येऊन रडत बसले, तर अव्वानंच कानातनं काढून हातावर ठेवली.

अंजू : ठेवणारच की. तू म्हणलीस, आपल्या देवणी गाईच्या दुधात तुझं सोनं बसवते. गोठ्यातलं दूध थर्मासात घालून नांदेडला नेलंस. भुलली बिचारी.

गुरुपादप्पा : भुलली न्हाई, समजून दिली. मला बी समजावलं होतं तिनं. सोनं मोकळं सोडलं की त्याचा गोळा होतो. पण दुधातल्या त्या प्रथिनाच्या घड्या असत्यात म्हणं, त्यात बसवलं तर बोटावर मोजण्याइतके कण एका घडीत राहत्यात, आन लाल चमकत्यात. घडी म्हंजी साचा. माझी शिवकांता म्हणायची, असला बारीक साचा माणसाच्या हातून व्हायचा न्हाई, शिवानंच करून ठेवलाय. लई खूश होती बघ.

मंजुश्री : अप्पा, बस करा.

गुरुपादप्पा : कामून बस करू? दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा हाय ना, त्याच्याखाली धरायचो मी बाटली. एरवी नुसता बिनदुधाचा चहा, आन दिव्याखाली कुंकू! आडतीवर आलेला माणूस हात जोडून जायचा. शेजारच्या आडतीच्या सिद्रामप्पानं तर कपाळाला लावली.

मंजुश्री : कपाळाला?

गुरुपादप्पा : मग? शिवकांताचं सोनं, घरच्या गाईचं दूध. ह्याच्याहून पवित्र काय असतंय?

मंजुश्री : ते दूध नाही, अप्पा.

गुरुपादप्पा : काय?

मंजुश्री : दुधात नाही बसलं सोनं. परत परत करून बघितलं. दरवेळी तळाशी काळा गाळ. अर्धी बुगडी त्यातच गेली. मग प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये एक डबी होती, जगभर वापरतात तसली. त्यात पहिल्याच खेपेला बसलं. ही बाटली त्यातली.

गुरुपादप्पा : कशाची डबी?

मंजुश्री : पांढरी भुकटी असते. साखरेसारखी.

गुरुपादप्पा : कशाची, ते इचारायलो मी.

मंजुश्री : रक्तातल्या प्रथिनाची. गाईच्या रक्तातल्या.



अंजू : अगं मंजे...

गुरुपादप्पा : जित्या गाईच्या?

मंजुश्री : नाही. कत्तलखान्यातनं येतं ते.

गुरुपादप्पा : ज्या घरात अंडं शिजलं त्या घरचं पाणी पीत न्हवती तुझी अव्वा. दवाखान्यात कॅपसूल फोडून आतली पूड तेवढी जिभेवर घ्यायची. कडूझार. वरचं टोपण कशाचं असतंय कुणाला ठाव, म्हणायची. तिला माहीत होतं हे?

मंजुश्री : तिनं विचारलं होतं. दवाखान्यात बाटली दाखवायला नेली तेव्हा. म्हणाली, दुधाचं पांढरं कुठं गेलं गं?

गुरुपादप्पा : मग?

मंजुश्री : म्हणलं, सोन्यानं पिऊन टाकलं.

अंजू : आन ती हसली असंल.

मंजुश्री : हसली.

अंजू : मग आज कशाला हरिश्चंद्र झालीस? झाकली मूठ सव्वा लाखाची. सिमेंट बसल्यावर कोण बघायला जाणार होतं? आता दारात स्वामी येतील, त्यांना काय सांगायचं?

मंजुश्री : मी गप्पच राहणार होते, अक्का. पण तिच्यापाशी, कायमची... नाही झालं माझ्याच्यानं.

गुरुपादप्पा : वरीसभर देवघरात होती बाटली. रोज लिंगपूजेला मी हिच्याम्होरं बसायचो. तवा न्हाई कंठ फुटला?

मंजुश्री : तुम्ही बाटलीकडं बघून बोलायचात, अप्पा. अव्वा गेल्यावर दुसऱ्या कुणाशी धड बोलत नव्हता. ते तोडायचं धाडस नाही झालं.

गुरुपादप्पा : म्हणून मला रक्ताम्होरं बसवलंस.

मंजुश्री : चुकलं माझं. मारा मला, काहीही करा.

गुरुपादप्पा : डिग्री व्हायली का ह्याच्यावर?

मंजुश्री : पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे.

गुरुपादप्पा : म्हंजी बसलं बराबर. सोनं बी बसलं, तू बी बसलीस. आमचाच तेवढा काळा गाळ झाला.

अंजू : अप्पा, असं नका बोलू. मंजू, ते वेगळं न्हाई का करता येत? सोनं तेवढं काढून घ्यायचं.

मंजुश्री : येतं. भट्टीत घातलं की प्रथिन जळून जातं. मग चमकणार नाही ते, पण सोन्याचा कण उरतो. मोहरीहून बारीक, तरी निर्मळ. अप्पा, तो ठेवा कोनाड्यात. मी आत्ता नांदेडची गाडी धरते, उद्या घेऊन येते.

अंजू : हाव, तसंच कर. विस्तवात गेलं की सगळं शुद्ध होतं. अप्पा, गवंड्याला म्हणावं एक दिवस थांब.

गुरुपादप्पा : गवंड्याला म्हणावं, कोनाडा बुजव.

अंजू : आन स्वामींना?

गुरुपादप्पा : मी सांगतो काय सांगायचं ते. सिद्रामप्पाला बी मलाच सांगावं लागंल.

मंजुश्री : मग ही बाटली? जाळून आणू ना, अप्पा?

गुरुपादप्पा : तुझ्यापाशी ठेव. ह्या घरात आणू नको पुन्हा. पण भट्टीत घालायची न्हाई.

मंजुश्री : अप्पा, त्याशिवाय सोनं मोकळं होत नाही.

गुरुपादप्पा : न होऊ दे. आपल्यात माणसाला जाळत न्हाईत.